तीन सूत

यादी वैजूनं वहीच्या मागच्या पानावर केलेली,
पुढच्या पानांत अकरावीची रसायनं.
प्रोसेसर, बोर्ड, आठ-आठच्या दोन रॅम, कार्ड.
खाली दोन रेघा ओढून एकतीस हजार,
म्हणजे माझी भिशी
आणि वर तिच्या आजोळचे दोन.

उद्यमबागेत बावीस वर्षं लेथवर उभा आहे मी.
शाफ्ट बेअरिंगमध्ये सैल पडला
तर माझ्या नखाला आधी कळतं, गेजला नंतर.
म्हटलं, ह्यात काय अवघड हाय गे,
एक खाच आणि एक खुंटी.

खडेबाजारात, जिना चढून, ईरण्णाचं दुकान.
त्यानं यादी वाचली, चष्मा कपाळावर सारला.
'ई रॅम ई बोर्डिगे कूडंगिल्ला.'
मग माझं तोंड बघून, 'बसत नाही ओ, मामा.
बोर्ड चारचा, रॅम पाचची. स्वस्त दिसली म्हणून लिहिली की काय?'
वैजू पेनाचं टोपण चावत राहिली.

मी दोन्ही पट्ट्या एकावर एक धरल्या.
लांबी तीच, सोनेरी दात तसेच,
फक्त मधली खाच जराशी सरकलेली.
खोटं कशाला बोलू,
हात खिशात गेला कानस शोधायला.
'पप्पा, घासून नाही चालत. आतली वीजच वेगळी असते.'
बरं.

पण पॉवर सप्लाय मीच निवडला.
तिनं लिहिलेला हातात घेतला, फुलासारखा हलका.
तांबं असं नसतं.
आमच्या शेडमध्ये असल्याच एका हलक्या मोटरीनं
जळताना आधी फक्त वास दिला होता.
जड घेतला, अठराशे जास्त,
आणि रंगीत दिव्यांचा काचेचा डबा फळीवर परत गेला.
गोवावेसपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

कार्ड निपाणीहून, जुनं.
दस्तगीरचं नेट कॅफे बंद पडून दीड वर्ष झालेलं,
आता पुढच्या खोलीत झेरॉक्स.
त्यानं वीस मिनिटं चालवून दाखवलं, चहा पाजला,
म्हणाला, पोरं दंगा करायची, हे कधी तापलं नाही.
साडेपाच हजार मोजले, मग पुन्हा मोजले.
तंबाखूच्या पोत्याचा तुकडा गुंडाळून दिलं त्यानं,
एसटीत वैजूनं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

डबा फुकटचा. कंपनीच्या हिशेबखात्यानं टाकून दिलेला,
पुढं मालमत्ता क्रमांकाचं स्टिकर.
कार्ड आत घातलं तर तीन सूत बाहेर.
तीन सूत!
वैजूचे डोळे भरले. मला उलट बरं वाटलं,
शेवटी एकदा माझ्या कामाची चूक सापडली.
रविवारी वॉचमनला सांगून शेड उघडली,
आतला पिंजरा करवतीनं कापला,
अर्धगोल कानशीनं कड मारली,
बोट फिरवून बघितलं. नंतर तिचं बोट फिरवलं.

रात्री फरशीवर पुठ्ठा टाकून जोडणी.
स्क्रू कमी पडला एक, शिलाई मशीनचा लावला.
बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा.
'गेले?' सुलभा स्वयंपाकघरातून.
कुणी उत्तर दिलं नाही.
वैजूनं सगळं काढलं, पुसलं, पुन्हा लावलं.
काळाच.

मग मी बघितलं, रॅम एका बाजूला
जरा उचललेली. अंगठ्यानं दाबायला ती भीत होती.
'मोडेल.'
'तिरकी दाबलीस तर. सरळ दाब. अंग टाक त्यावर.'
तिनं डोळे मिटले.
टक्.

पडद्यानं पहिल्यांदा भाषा विचारली.
यादीत कन्नड होती, मराठीही होती,
ती दोन्हींवरून झरकन खाली घसरून इंग्रजीवर थांबली.
मी काही म्हटलं नाही.

अकरा वाजता कुठल्याशा बर्फात तिची गाडी धावत होती,
कार्ड तापायला लागलं होतं,
आणि सुलभा दारात येऊन, नाक वर करून:
'खरं सांगा, बिडी कोण ओढतंय इथं?'